शब्दचर्चा : वैधता, अधिमान्यता, अधिसत्ता

प्रश्न : सरकारला हुकूम करण्याचा हक्क येतो कुठून, या विषयावरच्या मजकुरात 'लेजिटिमसी'साठी 'वैधता' चालेल का? 'अधिमान्यता' फार पुस्तकी वाटतं.

उत्तर : पुस्तकी आहे, तरी तेच वापरा. वैध म्हणजे कायद्याला धरून. इथे तर कायदा करणाऱ्यालाच तो हक्क कुणी दिला, हे विचारायचं आहे. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या तर पुढचं उदाहरण मांडताच येत नाही. संविधान सभेला कायदेशीर अधिकार मिळाला तो ब्रिटिश संसदेच्या १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमातून. आपल्या संविधानाने अनुच्छेद ३९५ मध्ये नेमका तोच अधिनियम निरसित, म्हणजे रद्द, केला. म्हणजे वैधतेचा लंडनपर्यंत जाणारा धागा मुद्दाम तोडला आणि 'आम्ही, भारताचे लोक… स्वतःप्रत अर्पण करीत आहोत' असं म्हणून अधिमान्यता दुसरीकडून घेतली.

शंका : पण ती सभा लोकांनी थेट निवडलेलीच नव्हती. १९४६ साली प्रांतिक विधानसभांनी सदस्य पाठवले, त्या विधानसभांचे मतदारही मोजकेच, आणि संस्थानांचे प्रतिनिधी वेगळे. मग 'आम्ही' म्हणजे कोण?

उत्तर : राज्य लोकांच्या संमतीच्या करारातून उभं राहतं असं मानणाऱ्या करारवाद्यांना स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ मध्ये हाच चिमटा काढला होता. करारवादी इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचं म्हणणं, राज्याच्या हद्दीतल्या रस्त्यावरून नुसतं चाललात तरी तुमची मूक संमती धरली जाते. ह्यूम म्हणतो, झोपेत जहाजावर आणून टाकलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, म्हणून त्याने कप्तानाला संमती दिली असं म्हणायचं का? लॉकची बाजू इथे लंगडीच पडते. भारतापुरतं बोलायचं तर १९५१-५२ ची प्रौढ मतदानाची निवडणूक 'आम्ही'ला नंतर आधार देते. म्हणून 'अधिमान्यता मिळाली' यापेक्षा 'टिकली', 'ओसरली' ही क्रियापदं या शब्दाला जास्त शोभतात.

भर : सत्ता आणि अधिमान्यता वेगळ्या हाती असू शकतात, हे मराठी वाचकाला पेशवाईवरून चटकन कळतं. कारभार पुण्यात, पण पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून छत्रपतींकडूनच यायला हवीत. खुद्द साताऱ्याच्या दरबारानेही चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून मिळवल्या होत्या, तेही बादशाही खिळखिळी झालेली असताना. सनद वरून खाली येते. 'सनदी अधिकारी', 'सनदशीर मार्ग' हे शब्द आजही त्याच दिशेचे आहेत. लोकांकडून वर जाणाऱ्या हक्कासाठी 'सनद' वापरली की अर्थ उलटा होतो. 'जनतेने सनद दिली' अशी वाक्यं वर्तमानपत्रांत दिसतात; तिथे 'कौल' हवा.

शंका : मग समाजशास्त्रज्ञ वेबरच्या आणि करारवादी रूसोच्या मजकुरात एकच शब्द चालेल?

उत्तर : इथेच बहुतेक भाषांतरं घसरतात. वेबर विचारतो, लोक हुकूम योग्य मानतात ते कशाच्या बळावर? परंपरा, एखाद्याचं करिश्मा असलेलं व्यक्तिमत्त्व, किंवा नियमांनी बांधलेलं पद. इथे लोकांच्या मानण्याची चर्चा आहे आणि 'अधिमान्यता'त 'मान्य' आहेच. रूसो १७६२ मध्ये विचारतो ते निराळं : मानोत न मानोत, मुळात हक्क आहे का? तिथे 'नैतिक अधिष्ठान' किंवा सरळ 'न्याय्य सत्ता' लिहा. दोन्हीकडे एकच शब्द घातला की 'लोक मानतात म्हणून न्याय्य' असा निष्कर्ष आपोआप निघतो, आणि तो रूसोच्या माथी बसतो.

या फरकाची कौटिल्याला पक्की जाण होती. मोठा मासा छोट्याला गिळतो तशा मात्स्यन्यायाने गांजलेल्या लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा, मालाचा दहावा भाग व हिरण्य (सोनं-नाणं) हा त्याचा वाटा ठरवला, हा करार त्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथात पहिल्या अधिकरणाच्या तेराव्या अध्यायात येतो. पण तो सांगतात हेर, लोकांत मिसळून, मुद्दाम वाद घालून! हा अधिमान्यतेचा कारखाना झाला. न्याय्यतेचा पुरावा नव्हे.

प्रश्न : आणि 'ऑथॉरिटी'?

उत्तर : संकल्पना म्हणून 'अधिसत्ता'. कायद्याच्या मजकुरात पदावरची व्यक्ती असेल तर 'सक्षम प्राधिकारी', संस्था असेल तर 'प्राधिकरण'. नुसतं 'अधिकार' टाळा. नागरिकाचा हक्कही त्याच शब्दाने सांगितला जातो आणि 'सरकारचे आणि नागरिकांचे अधिकार' अशा वाक्यात कोण कुणाला काय देणं लागतं ते कळेनासं होतं.