"घरातली गोष्ट घरातच": अजूनही? आपापले अनुभव लिहा

परवा पारावर एक म्हातारबा म्हणाले, "आमच्या वेळी असं काही नव्हतं जी." शेजारची आजी पदर तोंडाला लावून उठून गेली. त्यावरून हा धागा. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराकडे आपल्या गावांत कसं बघितलं जायचं, आता जाब कुणाला विचारतात, ते लिहा. नावगाव नको, ओळख पटेल असं काहीच नको.

मास्तरीणबाई, यवतमाळकडच्या
2009 साली चौथीतली एक मुलगी वर्गात गप्प गप्प झाली. मला अंदाज आला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमची बदली तोंडावर आलीये." मी गप्प बसले. हे लिहायला इतकी वर्षं लागली.

2018 मध्ये दुसऱ्या शाळेत तसंच. या वेळी सरांसमोर पोक्सोचं, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या कायद्याचं, कलम 19 ठेवलं : माहीत असेल त्यानं कळवलंच पाहिजे. मग 21 : नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. सरांनी स्वतः गाडी काढली. माया नव्हती ती, भीती होती. मला तीही चालली. दुसऱ्या दिवशी पोलीसबाई साध्या सलवार-कुर्त्यात घरी आल्या. पोर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. बाईंनी सूप मधे ओढलं, त्याही सोलायला बसल्या. अर्धं सूप झाल्यावर पोर बोलायला लागली.

अकोल्याचा, वय 52
मी पोट्टा होतो, म्हणून कोनी विचारलंच नाही. ज्या खोलीत कापूस भरून राहे तिथं मी एकाएकी जायचं सोडलं, तं बाबानं भेदरट म्हनून झोडपलं. काऊन जात नाहीस, एवढंच विचारलं असतं तं सांगितलं असतं मी. बायकोले चाळिशीत सांगितलं. 2012 च्या कायद्यात पोरगा-पोरगी भेद नाही, अठराच्या आतलं कोनतंही लेकरू, हे मले पोराच्या शाळेतल्या पालकसभेत कळलं. सभेत बाप दोघंच होते.

तंटामुक्ती समितीत होतो
आम्ही एक प्रकरण "मिटवलं" होतं. पैसे ठरवले, पोरीला मामाच्या गावी धाडलं. तिची शाळा सुटली. ज्यानं केलं तो त्याच वर्षी गणपतीच्या वर्गणीला पुढं, आणि पावती मीच फाडली. गेल्या साली पुन्हा एक बाप बैठक बसवा म्हणून आला, तेव्हा पोलीस पाटीलबाई माझ्याकडेच बघून म्हणाल्या, "दादा, याला बैठक नसते." त्याच बापाला घेऊन ठाण्यात गेल्या. मी सोबत गेलो नाही, खोटं कशाला सांगू.

वडसा भागातली आजी (नात टाइप करते आहे)
1972 साली आमच्या देसाईगंजच्या ठाण्यात शिपायांनी आदिवासी पोरीवर अत्याचार केला, ते साऱ्या देशाला माहीत आहे. शिपाई सुप्रीम कोर्टातून सुटले, अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत म्हणून. मग 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी न्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या, 1983 ला कायदा बदलला. पण रोवण्याच्या बांधीत आम्ही बाया काय बोलत होतो? ती तिथं गेलीच कशाला. मीही बोलले आहे.

वकील, नागपूर
जानेवारी 2021 मध्ये नागपूर खंडपीठानं कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोतला लैंगिक हल्ला धरला नाही. सुप्रीम कोर्टानं तो निकाल नोव्हेंबरमध्ये रद्द केला : हेतू बघायचा, कापड नाही. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपर्यंत पहिली बातमी पोचलेली असते, दुसरी मला सांगावी लागते.

एक आई, वाशीमकडची
आमच्याकडे माणूस घरातलाच, माझा देर. तक्रार मी केली. सासू बोलत नाही. पोळ्याच्या तोरणात आमच्या जोडीच्या शेजारी कोणी बैल उभे केले नाही. भाषण सगळे देतात, "मुलींना बोलतं करा". माझी बोलली. आता तिला कोणी खेळायला बोलवत नाही.

मास्तरीणबाई
ताई, तारखेला सोबत कोणी असतं का?

एक आई
नाही जी. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघीच जातो. ती खिडकीपाशी बसते.

मास्तरीणबाई
पुढची तारीख कळवा.