नाजूक पोट आणि लांब पल्ला : जेल सोडून घरचं खाल्लं तर भागतं का?

पहाटपळी :
जानेवारीतल्या शर्यती जवळ आल्या की सोलापूरच्या पार्क मैदानावर एकच विषय, कुठलं जेल (पळताना पाकिटातून चोखायचा घट्ट गोड पाक) आणि किती. माझं मत सरळ आहे. पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरला ज्यांना मळमळतं, आंबट ढेकर येतात किंवा थेट आडोसा शोधावा लागतो, त्यांनी जेल बंद करावं. एका पाकिटात २२ ते २५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) घट्ट करून भरलेले असतात. वर पुरेसं पाणी पडलं नाही तर ते पातळ करायला अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं, मग पोटात गुडगुड आणि पळापळ. त्यापेक्षा खजूर, गुळाचा खडा, चिक्की बरी. पोटाच्या ओळखीचं अन्न. आणि ताशी ६०-९० ग्रॅमचे आकडे पुढे पळणाऱ्यांना लखलाभ. चार-साडेचार तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्याला ३०-४० ग्रॅम पुरतात. विरोधी मतं ऐकायला तयार आहे.

कंबर तलाव :
जेलबद्दल अर्धं बरोबर, चिक्कीबद्दल सपशेल चूक. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. तेलामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि खाल्लेलं तिथेच डुचमळत राहतं. त्यात जोरात पळताना आतड्याचा रक्तपुरवठा एरवीच्या पाचव्या हिश्शापर्यंत खाली येऊ शकतो, कारण रक्त पायांना आणि अंग थंड ठेवायला कातडीला लागतं. अशा वेळी पचायला जड काही द्यायचं म्हणजे रात्री दुकान बंद करताना गिऱ्हाईक यावं तसं. पाच लहान खजुरांत २५-२६ ग्रॅम कार्ब मिळतात, कबूल, पण बरोबर ३ ग्रॅम तंतूही जातात. साध्या जेलमध्ये ना तेल, ना तंतू. घरचं म्हणजे हलकं असं कुणी सांगितलं? शेंगा चटणीही घरचीच असते.

विजापूर रोड :
पळताना काय खाल्लं ते बघालाव, आदल्या रात्री काय खाल्लं ते कोण बघणार ओ? शर्यती जानेवारीत, भोगीही जानेवारीत. बाजरीची भाकरी, वर पावटा, हरभरा, वांगं, तीळ, दाण्याचं कूट घातलेली भोगीची भाजी. एरवी उत्तम, पण दुसऱ्या दिवशी २१ किलोमीटर असेल तर आतड्यात वायूचा कारखाना. शर्यतीआधी दोन दिवस कडधान्यं, कडक भाकरी, कच्चा कांदा बंद. मऊ भात, बटाटा, जरासं मीठ-तूप, बस्स. आणि पहाटेचा दुधाचा चहा! दूध सोसत नसेल तर तोच पुरे. सुटण्याआधी अडीच-तीन तास दाणे न घातलेले पोहे किंवा ब्रेड-जॅम, वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम कार्ब इतकं.

मीठसाखर :
जेल की घरचं हा वाद चालू द्या, पण बाटलीत काय आहे तेही बघा. ग्लुकोज पावडर ‘हलकी’ समजून बरेच जण ती अंदाजाने ओततात. हिशेब मांडतो. रक्ताची दाटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं माप, लिटरमागे साधारण २९० मिलिऑस्मोल. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम ग्लुकोज घातलं (रेणुभार १८०) की ३३३ होतात. पाकिटातल्या पावडरीत पाण्याचा अंश असतो म्हणून थोडे कमी, तरी ३०० च्या वरच. तेवढीच घरातली साखर घातली (रेणुभार ३४२, म्हणून कण कमी) तर १७५. दीड ग्रॅम मीठ दोन्हीकडे आणखी ५० घालतं. म्हणजे साखरेचं पाणी रक्तापेक्षा पातळ राहतं आणि ग्लुकोजचं दाट होतं, कार्ब मात्र जवळपास तितकेच. साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते ती आतड्याच्या भिंतीशी पोचल्यावर.

करायचं असं : अर्धा लिटर पाणी, ३० ग्रॅम साखर (चहाचे सात सपाट चमचे), पाऊण ग्रॅम मीठ, हवं तर लिंबाचे चार थेंब. मीठ काट्यावर मोजा, चिमटीवर भरवसा नको. दर १५ मिनिटांनी १२५ मिली घेतलं की तासाला ३० ग्रॅम होतात. शेवटी तळाशी साखर बसलेली दिसली तर सुरुवातीला नुसतं पाणी प्यालात आणि शेवटी पाक. ढवळून मगच भरा.

आणि हो, ओआरएस म्हणजे इंधन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम आहे. ते पाणी आणि क्षार भरून काढायला आहे.

तंतूमुक्त :
@मीठसाखर, गणित पक्कं, पण एक बाजू राहिली. ३० ग्रॅम साखरेत १५ ग्रॅम फ्रुक्टोज येतं. काहींच्या आतड्यात ते नीट शोषलं जात नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. अशांना मध तर आणखी त्रासाचा, कारण त्यात फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त. त्यांनी माल्टोडेक्स्ट्रिन वापरावं : ग्लुकोजच्याच लांब साखळ्या, म्हणून दाटी कमी आणि फ्रुक्टोज नाही. ओळखायचं कसं? तोच रस्ता, तेच अंतर, तोच वेग ठेवून तीनदा साखर आणि तीनदा माल्टोडेक्स्ट्रिन. एका पळण्यावरून निकाल लावू नये.

आता ३०-४० पुरतात या दाव्याबद्दल. आस्कर युकेंड्रुप यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून ६० आणि ९० हे आकडे आले, ते आतड्यातला ग्लुकोज शोषणारा दरवाजा तासाला सुमारे ६० ग्रॅमला भरतो आणि फ्रुक्टोजचा वेगळा आहे यावरून. ती कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. पण पोटालाही सराव देता येतो. आठवड्यातल्या एका लांब पळण्यात ताशी २० ग्रॅमने सुरू करा, दर वीस मिनिटांनी थोडं. आठवडाभर शांत गेलं तर ५-१० ग्रॅम वाढवा, बिघडलं तर एक पायरी मागे. सहा-आठ आठवडे लागतात. नाजूक पोट म्हणून कायम तिशीतच अडकून राहायचं कारण नाही.

पहाटपळी :
चिक्की मागे घेतो, खजूरही. तिशी मात्र सोडत नाही. ६० किलोचा माणूस, किलोमीटरला किलोमागे साधारण १ कॅलरी धरा, ४२ किलोमीटरला झाल्या अडीच हजार. स्नायू-यकृतातल्या कार्बच्या भरलेल्या साठ्यातून दोनेक हजार, काही भाग चरबीतून, आणि साडेचार तासांत ताशी ३० ग्रॅमने ५४० कॅलरी. जमतंय की!

कंबर तलाव :
कागदावर जमतंय. साठा शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येत नाही आणि सुरुवात वेगात झाली तर चरबीचा वाटा घटतो. शिवाय साडेचार तासवाला सहाला सुटून साडेदहाला पोचतो, शेवटचा तास उन्हात. ऊन चढलं की आतड्याचं रक्त आणखी घटतं, पहिल्या तासात गोड लागलेलंच तेव्हा नको होतं. म्हणून जास्तीचा वाटा पहिल्या दोन तासांत घ्या, शेवटी कमी. आणि एप्रिल-मेमध्ये, पारा ४२ वर जातो तेव्हा, पोटाची परीक्षा घेऊच नका. बिघडलं तर उन्हामुळे की साखरेमुळे हे कळणार नाही.

विजापूर रोड :
गुडघा दुखतोय म्हणून सुटण्याआधी आयबुप्रोफेन घेणारे आहेत, त्यांनाही सांगा. आतड्याच्या अस्तराला आधीच ताण, त्यात ही गोळी. शौचातून रक्त गेलं किंवा ती डांबरासारखी काळी झाली तर चर्चा थांबवून डॉक्टर गाठायचा.

तंतूमुक्त :
मळमळ सुरूच झाली तर : दोन मिनिटं चालायचं, साध्या पाण्याचे दोन घोट, नवीन काही गिळायचं नाही. दहा मिनिटांनी गोड पाणी तोंडात ५-१० सेकंद खळखळून थुंकलं तरी मेंदूला गोडाची खबर पोचते, थोडी उभारी येते. तासाभराच्या पळण्यात हे तपासलेलं आहे. पोट भरत नाही, पण बिघडतही नाही.

पहाटपळी :
बरं, कुणाला जेलच घ्यायचं असेल तर?

मीठसाखर :
अर्धं पाकीट, मागून १५० मिली साधं पाणी. साखरपाण्यावर घेतलंत तर ‘पातळ’चा सगळा हिशेब गेला. उरलेलं अर्धं वीस मिनिटांनी. तोवर पाकिटाचं तोंड दुमडून वर कपड्याचा चिमटा लावा, नाहीतर खिसा चिकट होतो आणि शर्यत संपून सावलीत बसलात की मुंग्या येतात.