रेस्क्यू टीममधल्या जुन्या मेंबरचा सन्मान कसा करावा?

घाटवाट: नमस्कार मंडळी. आमची तालुक्यातली छोटी रेस्क्यू टीम आहे, सगळे नोकरीधंदा सांभाळून येणारे. त्यातले एक काका गुडघ्यांमुळे आता दरीत उतरत नाहीत, पण रात्री कॉल आला की फोन तेच घेतात, कोण निघालं, स्ट्रेचर कोणाकडे, पोलिसांना कळवलं का, अडकलेल्याच्या घरच्यांशी कोण बोलतंय, सगळं तेच बघतात. नंतर चिखलाने माखलेले रोप (दोर) धुवून सावलीत वाळवतात, हाताने टोकापासून टोकापर्यंत चाचपतात आणि रजिस्टरला नोंद करतात. फोटोत मात्र कुठेच नसतात. वर्धापनदिनाला सत्कार करायचाय पण नुसती शाल-श्रीफळ देऊन मोकळं व्हायचं मनाला पटत नाही. सरकारी पुरस्कारासाठी नाव पाठवता येईल का?

सह्यमित्र: जीवन रक्षा पदक एखाद्याचा जीव वाचवल्याच्या ठरावीक घटनेसाठी असतं, आणि प्रस्ताव घटनेपासून 2 वर्षांच्या आत जावा लागतो, त्यामुळे काकांचं काम त्यात बसणार नाही. सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार बघा, दरवर्षी 23 जानेवारीला जाहीर होतो, संस्थेला 51 लाख, व्यक्तीला 5 लाख, अर्ज ऑनलाइन. तिथे कामाचा तपशील लागतो आणि तो काकांच्याच रजिस्टरमध्ये आहे, आजच स्कॅन करून ठेवा.

रानवाटा: पुरस्कार मिळो न मिळो, अर्ज कराच. पण वाडीवरच्या माणसांना विसरू नका हो. 19 जुलै 2023 ला रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर गाडीरस्ताच नव्हता, जेसीबी चढेना, सगळं सामान पावसात पायवाटेने माणसांनीच वर नेलं. अंधारात वाट दाखवणारा गावकरी कुठल्याच टीमचा मेंबर नसतो, म्हणून त्याचं नाव कुठे येत नाही. तुमच्या भागातल्या अशा दोघाचौघांना त्याच स्टेजवर बोलवा. आणि काकूंनाही, अपरात्री फोन वाजला की त्यांचीही झोपमोड होतेच ना!

दोरखंड: मानपत्रात 'निःस्वार्थ सेवा' वगैरे लिहू नका, ते सगळ्यांच्याच मानपत्रात असतं, काका नेमकं काय करतात ते लिहा, वर प्रश्नात लिहिलंय तेवढंच छापलं तरी खूप आहे. सुखरूप परत आलेल्या कोणाला बोलायचं असेल तर जरूर बोलू द्या, पण ज्यांचं माणूस गेलं त्या घरच्यांना आधी विचारल्याशिवाय बोलावू नका. आणि नव्या पोरांना काकांच्या हाताखाली रोप तपासायला बसवा, तेही वर्धापनदिनाच्या आधीच.