पुतण्या सावकाश खेळतो आणि दिवसभर टोनी क्रूस बघतो, हे बरोबर आहे का?

पुतण्याचा_काका
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. आमचं घर सगळं क्रिकेटवाल्यांचं, बाबांच्या तोंडी अजून सी. के. नायडू आणि होळकर टीमच्या गोष्टी, त्यामुळे फुटबॉलचं काही विचारायचं तर घरात माणूसच नाही. पुतण्या १४ वर्षांचा आहे, मिडफिल्डला खेळतो. पास छान देतो हे मलाही कळतं पण पळायला खरंच कमी पडतो. कोचनी तोंडावर सांगितलं की तू स्लो आहेस आणि गेल्या तीन मॅच बेंचवर बसवून ठेवलंय. घरी काही बोलत नाही, जेवतो आणि मोबाइलवर जर्मनीच्या टोनी क्रूसचे व्हिडिओ लावून बसतो. मी पण बाजूला बसून बघितलं, तर हा माणूस उभ्या उभ्या पास देऊन राहिलाय, फार पळतच नाही! मग एवढं नाव कसं झालं? पुतण्यानी याच्याकडून शिकावं, की तो आपल्या सोयीचा हीरो शोधून बसलाय? खरं काय ते सांगा.

लेफ्ट_हाफ
काका, पोरानी माणूस बरोबर निवडलाय. स्पेनच्या रियल माद्रिद क्लबला १० वर्षं, ४६५ मॅच, चॅम्पियन्स लीग म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा ६ वेळा जिंकला (१ जर्मनीतल्या बायर्न क्लबकडून २०१३ ला, ५ माद्रिदकडून), वर शिवाय जर्मनीकडून २०१४ चा वर्ल्ड कप. ब्राझीलला ब्राझीलमध्येच ७-१ हरवलं त्या सेमीफायनलमध्ये यानी २४व्या आणि २६व्या मिनिटाला दोन गोल मारले होते, दोन गोलांत दीड मिनिटाचंही अंतर नव्हतं. पायात वेग नसलेल्या माणसाचा तो दुसरा गोल शोधून बघा, आधी त्यानीच ब्राझीलच्या खेळाडूकडून बॉल काढून घेतला, आपल्या टीमच्या खेदीराला दिला, परत घेतला आणि संपवला. कुठे उभं राहायचं ते त्याला माहीत होतं.

पण पुतण्याला मी वेगळी गोष्ट सांगेन. २००७ मध्ये १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, त्याच वर्षी बायर्नच्या मोठ्या टीमकडून पहिली मॅच खेळला आणि आल्या आल्या टीममधल्या क्लोजेचे दोन गोल त्याच्या पासवर झाले. एवढं असूनही तिथे रोजची जागा मिळेना, मग जानेवारी २००९ ला लोनवर, म्हणजे तात्पुरता, लेवरकुसेन क्लबला गेला, तिथे दीड वर्ष भरपूर मॅच खेळला, गोल मारले, आणि २०१० ला परत बायर्नला आला. बेंचवर तोही बसलाय. तीन मॅचमध्ये काही ठरत नसतं हो काका, फक्त पोराला कुठेतरी खेळायला मिळालं पाहिजे, शाळेच्या टीममध्ये, चिमणबागेत, कुठेही.

बडोद्याची_मावशी
मी बडोद्याहून, माझी मुलगी पण मिडफिल्डलाच खेळते. एक सांगू का, ते पासेसचे कापलेले व्हिडिओ बंद करायला सांगा त्याला. त्यात पास जाताना दिसतो, पास सुटायच्या आधी क्रूसनी काय केलं ते कापून टाकलेलं असतं. पूर्ण मॅच लावा आणि बॉल नाही, फक्त क्रूस बघा. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी मान सारखी वळत असते, उजवीकडे डावीकडे मागे, म्हणून बॉल आला की त्याला विचार करायला थांबावंच लागत नाही. एप्रिल २०२४ ची म्युनिकमधली बायर्नविरुद्धची सेमीफायनल बघा, माद्रिदच्याच व्हिनिसियसला आधी हात करून जागा दाखवतो, आणि मग बॉल थेट त्या जागेत, गोल. आम्ही दोघींनी ते एवढंच दहा वेळा मागे घेऊन पाहिलं असेल. मुलगी म्हणाली, आई हा त्या मुलाच्या आधी तिथे पोचलाय!

राजवाडा_एक्सप्रेस
सगळे कौतुकच करताय म्हणून दुसरी बाजू लिहितो, वाईट वाटून घेऊ नका. माद्रिदमध्ये क्रूसच्या बाजूला कासेमिरो होता. विरोधी टीमनी बॉल काढून घेतला आणि पळत सुटले की भरपाई कासेमिरो करायचा, धावणं, टॅकल, फाउल, सगळं तो. दुसऱ्या बाजूला मॉड्रिच. १४ वर्षांच्या पोराच्या टीममध्ये कासेमिरो नाही, त्यामुळे कोच पळायला सांगतात ते चूक नाही. क्रूस आळशी होता असं समजून जर पोरगा बघत असेल तर नुकसान होईल. तो स्लो होता, आळशी अजिबात नव्हता, मॅचच्या शेवटापर्यंत सतत थोडं थोडं सरकत राहायचा म्हणून तर पास घ्यायला नेहमी मोकळा सापडायचा. पुतण्याला रोज थोडं पळवा काका.

लेफ्ट_हाफ
@राजवाडा_एक्सप्रेस मान्य, हे मी लिहायला हवं होतं.

होळकर_मैदान
काका तुम्ही क्रिकेटवाले म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. चांगला बॅट्समन बॉल उशिरा खेळतो, लोकांना वाटतं याच्याकडे जास्त वेळ आहे, वेळ सगळ्यांना तेवढाच असतो पण यानी लाइन आधी ओळखलेली असते. क्रूसचं तेच आहे.

आणि २०१८ च्या वर्ल्ड कपमधली स्वीडनविरुद्धची मॅच पुतण्यासोबत बसून बघा, माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिल्या हाफमध्ये क्रूसचा पास चुकला, जो माणूस पास चुकवतच नाही त्याचा, आणि त्यावरच स्वीडननी गोल केला. तोंड लपवायला जागा नाही अशी अवस्था. नंतर जर्मनीच्या रॉइसनी बरोबरी केली, बोआटेंगला रेड कार्ड मिळून जर्मनीचे दहाच उरले, आणि ९५व्या मिनिटाला डावीकडे फ्री किक मिळाली. जागा इतकी तिरकी की सगळ्यांना वाटलं आत क्रॉस टाकेल. यानी रॉइसला हळूच बॉल सरकवला, रॉइसनी थांबवला, आणि क्रूसनी तो लांबच्या कोपऱ्यात वळवून घातला. पुढे कोरियाशी हरून जर्मनी बाहेर गेली ते वेगळं, पण चूक केल्यावर पुन्हा बॉल मागायची हिंमत मी त्या रात्री पाहिली, अजून अंगावर काटा येतो.

बडोद्याची_मावशी
शेवट पण कसा केला बघा ना. ३४व्या वर्षी, अजून सगळे खेळ म्हणत असताना सांगून टाकलं की घरच्या, म्हणजे जर्मनीतल्या युरोनंतर (युरोपातल्या देशांची स्पर्धा) बंद. १ जून २०२४ ला वेम्बलीत चॅम्पियन्स लीग जिंकून माद्रिद सोडलं, पहिला गोल त्याच्याच कॉर्नरवर. मग ५ जुलैला स्पेनशी एक्स्ट्रा टाइममध्ये ११९व्या मिनिटाला गोल खाल्ला आणि संपलं. मला फार रडू आलं होतं.

पुतण्याचा_काका
सगळ्यांचे मनापासून आभार. काल स्वीडनची मॅच लावली, चुकलेल्या पासला पुतण्या पुढे सरकून बसला, म्हणाला काका मागे घ्या. मग आज सकाळी मैदानावर गेलो आणि कोचना न सांगता लाइनबाहेर उभा राहून मोजलं. बॉल यायच्या आधी मान वळवून बघणं दहापैकी तीन वेळा. परत येताना त्याला आकडा सांगितला तर म्हणाला उद्या पण मोजायला या, आणि साडेपाचला उठवा, आधी पळून येतो.