कॉलेजात दुसऱ्या धर्माच्या सोबतीने राहिलात? अनुभव लिहा

धाकटा भाऊ जुलैत हॉस्टेलला जातोय. घरात सध्या एकच विषय चाललाय: रूममेट कोण मिळेल, 'आपल्यातला' असेल ना? आईची काळजी मला कळते. २०२२ साली सांगलीहून पुण्याला निघाले तेव्हा दशम्यांच्या डब्यासोबत हीच काळजी मीही नेली होती.

आम्ही जैन. आजीला शब्द दिला होता, म्हणून मी रात्री न जेवण्याचा नियम पाळत होते. मेस उघडायची आठला. मग पाच वाजता डब्यातलं काहीतरी खाऊन घ्यायचं आणि झोपताना पोटात कावळे ओरडायचे. खोलीतली दुसरी मुलगी बीडची, मुसलमान. पहिले सहा महिने आम्ही फार सांभाळून वागलो. माझ्यासमोर ती तिचा डबा उघडायची नाही आणि तिच्या नमाजच्या वेळी मी व्हरांड्यात जाऊन बसायचे. दोघीही चांगल्या वागत होतो आणि दोघींनाही एकटं वाटत होतं.

२०२३ चे रोजे २४ मार्चला सुरू झाले. तिला सूर्य मावळताच खायचं होतं, मला मावळायच्या आत. अर्ज तिनेच वहीच्या पानावर लिहिला, 'मेस महिनाभर सव्वासहाला उघडावी'. कारणं दोन, खाली सह्या दोघींच्या. रेक्टर मॅडमनी मेसच्या मावशींना बोलावून घेतलं. मावशी म्हणाल्या, "पोळ्या सहाला लाटायला घेते. आणि हिची भाजी कांदा पडायच्या आत काढून ठेवते."

पश्चिमेच्या खिडकीपाशी आमचं टेबल ठरून गेलं. मी भराभर जेवायचे, ती समोर खजूर घेऊन बसायची. पावणेसातच्या आसपास मी पाण्याचा शेवटचा घोट घेऊन ताट सारायचे. थोड्या वेळाने अजान झाली की ती पहिला घोट घ्यायची. एकाच जगातलं पाणी, माझं शेवटचं आणि तिचं पहिलं. महिनाभरात सूर्य सहा-सात मिनिटं उशिरा मावळू लागला, हे हॉस्टेलात आम्हा दोघींशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

महावीर जयंतीला, ४ एप्रिलला, तिने विचारलं, "तुमच्या प्रार्थनेत मागतात काय गं?" मी सांगितलं, णमोकार मंत्रात मागणं नाहीच, नुसता नमस्कार आहे. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कुराणाच्या पहिल्या अध्यायात, सूरह फातिहात पण आधी स्तुतीच आहे. मागणं नंतर, आणि तेही सरळ रस्ता दाखव एवढंच." सहा महिने शेजारी झोपून हे बोलणं झालं नव्हतं. एकत्र अर्ज केला, रोज समोरासमोर बसलो, तेव्हा झालं.

तुम्हीही लिहा. गोडच हवं असं नाही, जे घडलं ते लिहा.

*

वसईहून.

आम्ही वसईतल्या कुपारी समाजातले, कॅथलिक. घरात कादोडी बोली, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, मराठीत. मुंबईला कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ऐकलं, "ख्रिश्चन असून मराठी इतकं छान कसं?" मला त्याचं उत्तर द्यावंसंही वाटेना.

२०१८ साली राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला होता. सकाळची मिस्सा करून लोकल पकडली. कपाळावर राखेचा क्रूस तसाच. वर्गात शेजारच्या मैत्रिणीने रुमाल पुढे केला, "अगं, कपाळाला काहीतरी लागलंय." मी सांगितलं की तू मातीची आहेस आणि मातीतच जाणार आहेस, याची ही आठवण. तिने रुमाल घडी करून ठेवला. तिच्या घरी वारी आहे. म्हणाली, "बाबा बुक्का लावतात. पुसला गेला की परत लावतात. तुझी राख घामाने गेली तर?" मी म्हटलं, गेली तर गेली, पुसायची मात्र नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत ज्याने ज्याने विचारलं त्याला उत्तर तिनेच दिलं. पुढच्या वर्षी ती माझ्यासोबत मिस्सेला येऊन मागच्या बाकावर बसली होती.

*

मी २०१६ ला शिकायला अमेरिकेत, बोस्टनच्या पलीकडे केंब्रिजला आलो. गणपती ५ सप्टेंबरला होते आणि माझी त्या गावाशी अजून ओळखही झाली नव्हती. तिथल्या विद्यापीठांत सगळ्या धर्मांसाठी मिळून खोली असते, ती तासाच्या हिशोबाने मागून घ्यायची. उदबत्ती लावायची नाही, धुराने भोंगा वाजतो. बॅटरीवरचे दिवे लावून आम्ही सातजणांनी आरती म्हटली. खोली आवरून किल्ली परत करताना आतून रिकामं वाटलं, ते अजून आठवतं.

त्यापेक्षा एमआयटीच्या चॅपेलमध्ये मला जास्त बरं वाटायचं. १९५५ सालची, एरो सारिननने बांधलेली विटांची गोल वास्तू, भोवती पाण्याची चर. आत अंधार आणि वरच्या झरोक्यातला उजेड लहान लहान धातूच्या पत्र्यांवरून ओघळत खाली येतो. गाभारा कसा असावा हे परदेशी वास्तुकाराला बरोबर कळलं होतं असं मला वाटतं. परीक्षेच्या दिवसांत मी तिथे नुसता बसून यायचो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. एका शुक्रवारी मित्र मला ज्यू विद्यार्थ्यांच्या शब्बातच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळी लागणाऱ्या त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाला घेऊन गेला. शेजारी इस्रायलहून आलेली मुलगी. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर ती म्हणाली, माझी आजी पनवेलची! बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. कोकणात ही मंडळी तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, एवढं मला शाळेपासून ठाऊक होतं. भेटलो मात्र कुणालाच नव्हतो. आजीला लगेच फोन लाव म्हटलं तर ती हसली. शब्बात लागल्यावर फोन नाही, रविवारी लावू.

रविवारी सकाळी दहाला लावला, तिकडे संध्याकाळचे पाच. आजींचा पहिला प्रश्न: "जेवलास का रे?" दुसरा: "कुणाकडचा तू?" मी गावाचं नाव सांगितलं तर त्यांनी एसटीचा रस्ताच सांगायला घेतला. पुढे मलिद्याचं सांगितलं. पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं. एलियाहू हनावीचं, म्हणजे त्यांच्या प्रेषित एलियाचं, नाव घेऊन वाटायचा. "तुझ्या सत्यनारायणाला शिरा, आमच्या नवसाला मलिदा," म्हणाल्या. नातीला मराठी कळत नव्हतं. फोनच्या दोन्ही बाजूंना काय चाललंय ते मीच तिला इंग्रजीत सांगत होतो. पुढची दोन वर्षं पोहे भिजवले की तिला निरोप जायचा.

*

वरचं सगळं वाचलं. मनापासून आवडलं. पण माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते.

आमच्या हॉस्टेलात गुरुवारी सर्वधर्म प्रार्थना व्हायची. श्लोक व्हायचा, बायबलमधला उतारा, कुराणातली आयत, गुरुबाणी. आमची बुद्धवंदना नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "तुमचं त्यातच येतं की." पणजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली, ती 'त्यातच' राहण्यासाठी घेतली नव्हती. आणि एक सांगते. तिथे मला धर्म कुणीच विचारला नाही. आडनाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या माठातलं पाणी कुणी घेईनासं झालं. माणसं सगळ्या धर्मांची होती.

एमएला औरंगाबादला गेले. नागसेनवनात, बाबासाहेबांनी १९५० साली उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात पहिल्या संध्याकाळी त्रिसरण ऐकलं आणि घशात दाटून आलं. तोवर मी वंदना ओठांतल्या ओठांत म्हणत आले होते. तिथे मोठ्याने म्हटली.

कॉलेजात अशी सर्वधर्म प्रार्थना ठेवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, पहिल्या दिवशी 'इथे कोण आलेलं नाही' हे आधी विचारा. भावाला सांग, खोलीत पाण्याचा माठ एकच ठेवा.

*

मी देव मानत नाही. नांदेडला शिकत असताना शीख मित्राचे वडील गेले. त्याच्याबरोबर रोज हुजूर साहिबला जायचो. अरदास, म्हणजे त्यांची प्रार्थना, मला येत नव्हती आणि येत असल्याचं दाखवणं पटेना. मग जोडाघरात बसून लोकांच्या चपला पुसल्या. मित्र बाहेर आला की माझ्या शेजारी बसायचा आणि तिथे मनसोक्त रडायचा. प्रार्थना न येणाऱ्यालाही तिथे बसायला जागा होती, एवढंच सांगायचं होतं.

*

नाशिकहून, अजून हॉस्टेलातच आहे.

यंदाचं नाही, २०२५ चं सांगतो. गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला होता आणि त्याच दिवशी एकोणतिसावा रोजा. सकाळी गच्चीवर गुढी उभारली. तांब्या मेसचा, साडी वॉर्डनकाकूंची. गुढी सूर्य मावळायच्या सुमारास उतरवतात आणि चंद्र बघायला गच्चीवर यायची वेळही तीच. आम्ही दोरी सोडतोय आणि रोजे धरलेले चौघे पश्चिमेकडे टक लावून उभे, अशी गर्दी. अजान झाली तेव्हा खजुराचा डबा खाली खोलीत राहिल्याचं कळलं. मग गुढीची साखरेची गाठी सोडली, मोडली आणि त्यांनी रोजा तिच्यावरच सोडला. एकाने विचारलं, "ह्याला लागलेलं हळदकुंकू चालेल का रे?" दुसरा म्हणाला, "पाण्याने धू."

चंद्र आम्हाला दिसला नाही, समोर टॉवर आहे. सव्वासातला मशिदीतून पुकारा झाला, उद्या ईद. काठी कठड्याला तशीच टेकवून ठेवून आम्ही सगळे दूध आणायला खाली पळालो, कारण शीरखुर्म्याला चार लिटर लागणार होतं आणि दुकान साडेसातला बंद होतं.