शब्दचर्चा: बेल्ट टेन्शनरला मराठीत काय म्हणाल?

ह्यूस्टनकर
घरच्या अंगणात पिकअपचा बेल्ट टेन्शनर बदलला. इथल्या मंडळाच्या अंकासाठी त्याची कृती मराठीत लिहितोय. मंडळात बऱ्याच जणांकडे पिकअप आहेत आणि गॅरेजची मजुरी ऐकली की सगळेच गप्प होतात, म्हणून हा खटाटोप. काम होऊन गेलं, अडलोय शब्दांपाशी.

गाडी जुनी, व्ही-८ इंजिन. पुढच्या बाजूला एक लांबलचक बेल्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून निघतो आणि अल्टरनेटर, पाण्याचा पंप, पॉवर स्टिअरिंग असा वळसे घेत परत येतो. त्या बेल्टला सतत रेटून धरणारा, टोकाला गुळगुळीत पुली असलेला स्प्रिंगचा हात म्हणजे टेन्शनर. संपादकांचं म्हणणं, 'टेन्शनर' वाचून लोकांना डोकेदुखीची गोळी आठवेल. त्यांनी 'तणावक' सुचवलाय. मला तो काही घशाखाली उतरत नाही.

अनुस्वार
नकोच तो. तणाव सीमेवर असतो, नवराबायकोत असतो, दहावीच्या वर्षात घरभर असतो. दोरीला, तारेला, पट्ट्याला असतो तो ताण. तंबूच्या दोऱ्यांना तणावे म्हणतात हे खरं, पण तिथेही तणावा म्हणजे ताणलेली दोरी, ताणणारी वस्तू नव्हे. शब्द घडवायचाच असेल तर 'ताणक' करा. चालक, मापक, तसा ताणक.

पानापक्कड
सांगलीत माझं गॅरेज आहे. ताणक कुणी म्हणत नाही बघा. स्पेअरच्या दुकानात जाऊन 'ताणक द्या' म्हणालात तर तो तुम्हाला पाणी विचारेल. टेन्शनर म्हणजे टेन्शनर.

पण शब्दांचाच विषय निघालाय तर एक सांगतो. गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं आणि म्हणतं, "बेल्ट आवाज करतोय, जरा आवळून द्या." जुन्या जीपला, ट्रॅक्टरला हे बरोबर होतं. अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करायचा, टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून अल्टरनेटर बाहेर रेटायचा आणि खाचेच्या पट्टीवरचा बोल्ट पक्का करायचा. अंगठ्यानं दाबून बघायचं, अर्धा इंचभर दबला की बास. याला आवळणं म्हणतात. टेन्शनरवाल्या गाडीत बेल्ट आवळायला काही नसतंच. स्प्रिंग स्वतःच ताण धरून बसलेली असते. ती बसली, म्हणजे तिचा जोर गेला, की टेन्शनर बदला. आता 'आवळून द्या' म्हणणाऱ्याला हे रोज समजावत बसतो.

ह्यूस्टनकर
काका, हे फार कामाचं सांगितलंत. आवळणं माणूस एकदा करतो आणि सोडून देतो. बेल्ट पुढे झिजून सैल झाला तरी तो बोल्ट तिथेच. टेन्शनर मात्र मागोमाग सरकत राहतो. लेखात मी 'बेल्ट आवळणारा भाग' असंच लिहिलं होतं, ते आता 'बेल्टचा ताण धरून ठेवणारा' करतो.

अनुस्वार
मग 'ताणधर' कसा वाटतो?

पानापक्कड
गंगाधर, मुरलीधर आणि ताणधर. तिघं भाऊ.

गिरणीवाली
आमची वाशीमकडे पिठाची गिरणी होती, इंजिनावर चालणारी. आम्ही बेल्ट कधी म्हटलंच नाही, तो पट्टा. 'पट्टा उतरला' म्हणजे पुलीवरून खाली आला पण धड आहे. 'पट्टा तुटला' म्हणजे आज दळण नाही. उतरलेला परत चढवायचा, तुटलेला सांधायचा. तुमच्या कृतीतही 'बेल्ट काढा' लिहिण्यापेक्षा 'उतरवा' आणि 'चढवा' लिहा, आपोआप मराठी होईल.

घसरणाऱ्या पट्ट्याला बाबा राळ लावायचे. आणि पट्ट्याच्या दोन बाजू धरायचे: इंजिन ज्या बाजूनं ओढतं ती ताणाची बाजू आणि दुसरी ढिली. तुमचा तो हात कोणत्या बाजूला असतो?

ह्यूस्टनकर
ढिल्या बाजूला! क्रँक ज्या बाजूने ओढून घेतो तिथे बेल्ट तसाही ताठ असतो. क्रँकवरून सुटून जो भाग बाहेर पडतो तिथे ढील साठते आणि टेन्शनर तिथेच लागतो. 'ढिली बाजू' जसाच्या तसा उचलतो, ताई.

राळेचं मात्र लेखात उलटं लिहावं लागेल. या बेल्टला राळ, साबण, तेल काहीच लावायचं नाही. आवाज तेवढ्यापुरता थांबतो आणि खाचांत घाण धरते.

अनुस्वार
या लांब बेल्टला इंग्रजीत सापावरून नाव आहे, त्याचं 'सर्पिल पट्टा' असं काही करू नका. 'नागमोडी' आपल्याकडे आहेच, घाटातल्या रस्त्याला तो रोज वापरतो. नागमोडी पट्टा. अगदी चपखल बसतो, कारण तो पुलींच्या एकदा आतून, एकदा बाहेरून जातो.

ह्यूस्टनकर
हा शब्द एकदम पास. हा पट्टा पहिल्यांदा १९७९ च्या फोर्ड मस्टँगवर आला. त्याआधी प्रत्येक कामाला वेगळा व्ही-बेल्ट असायचा.

आणि तो आतून-बाहेरून जातो म्हणूनच त्याच्या दोन अंगांना वेगळी नावं हवी आहेत. एका अंगाला लांब उभ्या कडा असतात, त्या क्रँक, अल्टरनेटर यांच्या खाचांत बसतात. दुसरं अंग सपाट, ते टेन्शनरच्या गुळगुळीत पुलीवरून जातं.

गिरणीवाली
पाठ आणि पोट. अजून काय?

पानापक्कड
पोटाला धारी. 'सहा धारीचा बेल्ट द्या' म्हटलं की दुकानदाराला कळतं. बेल्टच्या पाठीवर लिहिलेलं असतंय, ६पीके१५५५ असं काहीतरी. पहिला आकडा धारी किती त्याचा, शेवटचा लांबी मिलिमीटरमध्ये. जुन्या बेल्टवरचा नंबर पुसला असेल तर गाडीच्या मॉडेलवरून काढायचा, दोरीनं मापत बसायचं नाही.

अनुस्वार
मला आवाजांची फार उत्सुकता आहे. इंग्रजीत चिमणीसारख्या आवाजाला एक शब्द आणि किंचाळण्याला दुसरा. मराठीत गॅरेजवाले काय म्हणतात?

पानापक्कड
गिऱ्हाईक सगळ्याला 'कुई कुई' म्हणतं. आम्हाला तीन आवाज वेगळे धरावे लागतात. 'चिवचिव' म्हणजे थांबून थांबून, एका लयीत. पुल्या एका रेषेत नाहीत, बेल्ट तिरका चालतोय. 'किंचाळणं' म्हणजे लांब आणि सलग, स्टिअरिंग पूर्ण वळवलं किंवा सकाळी गाडी चालू केली की. तिथं बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे. तिसरी 'घरघर'. ती बेल्टची नाहीच, बेरिंगची. बेल्ट उतरवून पुली हातानं फिरवली तरी बोटांना खरखर लागते.

पहिल्या दोन्हींत गोंधळ झाला तर इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, पोटाच्या बाजूला थोडं पाणी उडवायचं. चिवचिव असेल तर क्षणभर गप्प होते. घसरत असेल तर आणखी जोरात किंचाळतो. स्प्रेची बाटली असेल तर घरीही होतं हे.

ह्यूस्टनकर
माझ्याकडे घरघरच होती, आणि टेन्शनरचा हात नुसता थरथरत नव्हता तर चांगला नाचत होता. हाताची बारीक थरथर चालते, नाचणं नाही. 'थरथरणे' आणि 'नाचणे' हा फरक लेखात ठेवतो. बेरिंग 'गेलं' लिहू की 'गेली'?

पानापक्कड
गेलं.

गिरणीवाली
आमच्याकडे गेली. मराठीत विंग्रजी शब्दाला ज्याचं त्यानं लिंग लावावं, एका लेखात एकच ठेवा म्हणजे झालं.

अनुस्वार
आता आयडलर पुली. कुणीतरी एका कोशात त्याला 'आळशी' वगैरे म्हणेल अशी मला धास्ती आहे. ती बिचारी दिवसभर फिरत असते. फक्त तिच्यावर कुठलं यंत्र चालत नाही, ती पट्ट्याला वळण देते. 'मोकळी पुली' म्हणावं का?

गिरणीवाली
मोकळी पुली वेगळी आहे हो. कामाच्या पुलीशेजारी दुसरी एक असायची, दांड्यावर सैल फिरणारी. इंजिन चालू ठेवून जातं थांबवायचं तर पट्टा तिच्यावर सरकवायचा. ती मोकळी. नाव घेतलेलं आहे, दुसऱ्याला देऊ नका.

अनुस्वार
मग वळणपुली?

पानापक्कड
लिहा काय लिहायचं ते, बिलावर आयडलरच येणार. एक मात्र नक्की लिहा: काही गाड्यांत टेन्शनरच्या पुलीच्या बोल्टाला उलटे आटे असतात. नुसती पुली बदलायची म्हणून नेहमीच्या बाजूनं सोडायला गेलात तर तो आणखी आवळत जातो आणि शेवटी तुटतो. 'उलटे आटे' हा शब्द सगळ्या मेकॅनिकांना कळतो, त्याला पर्याय शोधू नका.

ह्यूस्टनकर
लिहितो. मला वाटतं भागाचं नाव 'टेन्शनर'च ठेवावं, दुकानात तेच लागणार. क्रिया मात्र मराठीत: ताण धरतो, स्प्रिंग बसली, पट्टा उतरवा, चढवा, बोल्ट आवळा. संपादकांना 'तणावक' हवाच असेल तर शीर्षकात घालू देत. आत्ताचा मसुदा असा:

"इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. पट्टा कुठून कसा जातो त्याचा फोटो काढा. बोनेटखाली आकृती चिकटवलेली असते, पण जुन्या गाडीत ती वाचता येईलच असं नाही. टेन्शनरच्या हातावर चौकोनी भोक असतं, कुठे ३/८ इंचाचं, कुठे १/२ इंचाचं. त्यात लांब दांड्याचा पाना घाला. भोक नसेल तर पुलीच्या बोल्टावर गोटी (सॉकेट) लावा. स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवा. ढील पडली की पट्टा जवळच्या गुळगुळीत पुलीवरून उतरवा आणि हात सावकाश मागे येऊ द्या, झटक्यात सोडू नका, बोट सापडेल. टेन्शनरचे बोल्ट सोडा. पट्टा उतरलेला आहे तोवर बाकीच्या पुल्याही हाताने फिरवून बघा. नवा टेन्शनर बसवून बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा. माझ्या इंजिनाला ५० न्यूटन-मीटर दिले होते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा."

पट्ट्याच्या पोटाला चिरा दिसत नाहीत म्हणून तो चांगला आहे असं समजू नका, हे वाक्यही जोडतोय. हल्लीच्या पट्ट्यांचं ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर सहसा चिरत नाही, धारींच्या मधून झिजत जातं.

पानापक्कड
झकास. दोन दुरुस्त्या. स्प्रिंगच्या विरुद्ध 'फिरवा' नको, 'रेटा' लिहा. फिरवा म्हटलं की माणूस बोल्टच फिरवायला लागतो. आणि चढवल्यावर काय करायचं तेच राहिलं. खाचा असलेल्या प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघायचं. एक धार खाचेच्या बाहेर राहिली तर इंजिन चालू केल्या केल्या पट्टा कडेनं सोलून निघतो.