न सुटलेले खून आणि संशयितांच्या याद्या : विश्वास कशावर ठेवायचा?

सेलूचा_वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा एखादा विषय घेऊन चर्चा होते. या खेपेला ‘न सुटलेले खून आणि त्यांतले संशयित’ हा विषय आहे आणि टिपण माझ्याकडे आलंय. जिल्हा परभणी म्हटल्यावर मानवतचं नाव निघणारच. शिवाय लंडनचा जॅक द रिपर, कॅलिफोर्नियाचा झोडिअक आणि आपल्याकडचा स्टोनमॅन घ्यायचा विचार आहे.

अडचण अशी, की जो व्हिडिओ उघडावा त्यात खुनी ‘सापडलेला’ असतो, आणि दर वेळी वेगळा! तर विचारायचं ते असं :

१. मानवतचं प्रकरण ‘न सुटलेल्या’त धरायचं की नाही?
२. रिपरचा डीएनए जुळला म्हणतात, ते खरं का?
३. कोणी एखादं नाव पुढे केलं तर ते पारखायची काही रीत आहे का?
४. मूळ कागद कुठे मिळतील?

---

परभणी_कोर्टरोड

पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचं सांगतो.

मानवतला न सुटलेल्या खुनांत टाकू नका. १९७२ ते १९७४ या काळात, म्हणजे ऐन दुष्काळात आणि त्याच्या पाठोपाठ, तिथे मुलींचे आणि बायकांचे खून होत राहिले. गुप्तधन आणि मूल होणं यांसाठी नरबळी दिले, असा सरकार पक्षाचा आरोप होता. स्थानिक तपास अडला तेव्हा रमाकांत कुलकर्णी यांना बोलावलं गेलं. १९६८ साली मुंबईत रमण राघवचा तपास करणारे ते हेच. खटला परभणीला चालला. औरंगाबादला तेव्हा खंडपीठ नव्हतं, म्हणून अपील मुंबईला आणि तिथून दिल्लीला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७७चा, ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाचा.

लोकांचा गोंधळ कुठे होतो, तर प्रत्यक्ष हत्यार चालवणारे वेगळे आणि करवून घेणारे वेगळे, अशी ती केस होती. हत्यार चालवणाऱ्यांपैकी काहींची फाशी कायम राहिली. सूत्रधार म्हणून उभे केलेले दोघे मात्र शेवटी सुटले. म्हणून पारावर ‘मानवतचे खरे खुनी सुटले’ हे वाक्य अजून ऐकू येतं. तुमच्या टिपणात ते वाक्य येऊ देऊ नका. जे न्यायालयातून निर्दोष सुटले त्यांना खुनी म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

केस पुराव्यावर कशी अडली ते त्या निकालात नीट वाचायला मिळतं. मोठा भार माफीच्या साक्षीदारांवर होता. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यातला साथीदारच. त्याच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा देणं कायद्याच्या कलमाने बाद होत नव्हतं, पण न्यायालयं तसं करत नाहीत. त्याच्या सांगण्याला बाहेरून दुजोरा लागतो, आणि तोही नुसता ‘खून झाला’ एवढ्यापुरता चालत नाही. ज्या आरोपीबद्दल तो बोलतो त्या आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा दुजोरा लागतो. प्रेत त्याने सांगितलेल्या जागी सापडलं यावरून त्याला ती जागा माहीत होती एवढंच सिद्ध होतं. ‘अमक्याने करायला सांगितलं’ हे त्यातून सिद्ध होत नाही. कटाच्या केसमध्ये वरचा माणूस सुटतो तो बहुतेक वेळा याच फटीतून.

दुसरी भानगड कबुलीजबाबांची. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे दिलेली चालते, पण त्याआधी मॅजिस्ट्रेटने आरोपीला सांगावं लागतं की कबुली देणं तुझ्यावर बंधनकारक नाही आणि दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. ती स्वखुशीने देतोय का, हे प्रश्न विचारून तपासावं लागतं. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १६४, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १८३. मानवत प्रकरणात या पायऱ्या नीट पाळल्या गेल्या नव्हत्या आणि न्यायालयाने त्यावर स्पष्ट लिहिलंय.

एक बीडचा धागा जोडून देतो, कारण तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, १९८४. मृत्यू पुण्यात, सायनाइडने. विवाहितेचं माहेर बीडचं आणि तिने बीडला लिहिलेली पत्रं पुराव्यात होती. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने दोषी धरलेला पती सर्वोच्च न्यायालयात सुटला, कारण आत्महत्येची शक्यता पुरेशी मोडून काढलेली नव्हती. परिस्थितीजन्य पुराव्याची (प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून काढलेल्या निष्कर्षाची) पाच सूत्रं तिथे एकत्र मांडली आहेत आणि आजही देशभरच्या निकालांत ती उद्धृत होतात. त्यांतलं चौथं तुमच्या कामाचं : आरोपी दोषी आहे हे सोडून दुसरी कुठलीही वाजवी शक्यता उरता कामा नये. संशयितांच्या यादीतल्या प्रत्येक नावाला हे सूत्र लावा. बहुतेक नावं तिथेच गळतात.

कागदांचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर पोर्टलवर फुकट आहेत, पक्षकाराचं नाव आणि साल टाकून शोधा. सत्र न्यायालयाचा निकाल हवा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करा, खटल्याचा क्रमांक आणि वर्ष देऊन. क्रमांक वरच्या न्यायालयाच्या निकालात बहुधा सापडतो. सप्टेंबर १९४८च्या आधीचं काही शोधायला गेलात तर निजामी दप्तर उर्दूत आहे, वाचणारा माणूस सोबत घ्या.

आणि ‘न सुटलेला’ म्हणजे कागदावर काय, तेही टिपणात घ्या. पोलीस शोध लागत नाही म्हणून ‘अ समरी’ मागतात. अर्थ असा, की गुन्हा खरा, पण करणारा सापडला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्यादच खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून नोंदलेली. अ समरी म्हणजे प्रकरण मेलं असं नाही. खुनाला मुदतीची मर्यादा नाही, नवा पुरावा आला तर तीस वर्षांनीही पुढचा तपास होऊ शकतो.

---

गोदाकाठ

रिपरवर लिहितो. याद्या कशा तयार होतात हे दाखवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

१८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच खून एका माणसाचे धरले जातात : ३१ ऑगस्टला मेरी अ‍ॅन निकोल्स, ८ सप्टेंबरला अ‍ॅनी चॅपमन, ३० सप्टेंबरच्या पहाटे एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरीन एडोज, ९ नोव्हेंबरला मेरी जेन केली. संशयितांची सगळ्यात प्रसिद्ध यादी मेलव्हिल मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्याच्या १८९४च्या टिपणातली. ड्रुइट, कोस्मिन्स्की, ऑस्ट्रॉग ही तीन नावं.

आता पारखा. मॅकनॉटन पोलिसांत आला १८८९मध्ये, खून होऊन गेल्यावर. ड्रुइटला तो ४१ वर्षांचा डॉक्टर म्हणतो. ड्रुइट ३१ वर्षांचा वकील आणि शिक्षक होता. त्याचं प्रेत ३१ डिसेंबर १८८८ला थेम्समध्ये सापडलं आणि खून थांबले, जवळजवळ एवढ्याच बळावर नाव. ऑस्ट्रॉग त्या काळात फ्रान्समध्ये कोठडीत होता, हे शंभर वर्षांनी कागदांतून निघालं. राहिला कोस्मिन्स्की. स्वॉन्सन या वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठाच्या आठवणींच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने त्याचं नाव लिहिलंय आणि तो वेड्यांच्या इस्पितळात लवकरच मेला म्हटलंय. प्रत्यक्षात एरन कोस्मिन्स्की १८९१मध्ये भरती झाला आणि १९१९मध्ये वारला. म्हणजे वरच्या दर्जाचे अधिकारीसुद्धा आठवणीतून लिहिताना मूळ गोष्टीच चुकतात.

माझी रीत सांगतो. वहीत प्रत्येक संशयितासाठी एक पान. सर्वांत वर : हे नाव पहिल्यांदा कागदावर कधी आलं आणि कोणी लिहिलं? त्याच आठवड्यात, सहा वर्षांनी की ऐंशी वर्षांनी? नंतर : लिहिणारा स्वतः तपासात होता का? त्याने सांगितलेल्या पडताळता येण्यासारख्या गोष्टींत (वय, धंदा, मृत्यूची तारीख) चुका किती? मग : त्या रात्री संशयित कुठे होता याचा स्वतंत्र कागद आहे का? हेतू आणि स्वभाव सगळ्यात शेवटी, कारण ते कुणालाही चिकटवता येतात. व्हिडिओवाले नेमके उलट्या क्रमाने जातात : आधी वेडसर स्वभाव, मग हेतू, मग भयाण संगीत.

वेळापत्रक मिनिटांत मांडा, तेही नकाशावर. स्ट्राइडचं प्रेत रात्री १ वाजता सापडलं. एडोज त्याच सुमाराला बिशप्सगेट चौकीतून सुटली. गस्तीचा शिपाई दीड वाजता माइटर स्क्वेअरमधून गेला तेव्हा तिथे काही नव्हतं. १.४४ला तो परत आला तर प्रेत. म्हणजे फार तर चौदा मिनिटं. त्यातही १.३५च्या सुमाराला एका साक्षीदाराने चौकाच्या तोंडाशी तिच्यासारखी बाई एका पुरुषाबरोबर पाहिली. ‘घोडागाडीत मारून आणून टाकलं’ वगैरे कल्पना या चौदा मिनिटांत बसत नाहीत.

आणखी एक, पुरावा हातचा कसा जातो त्याबद्दल. त्याच पहाटे एडोजच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा गोल्स्टन स्ट्रीटला मिळाला. वर भिंतीवर खडूने ज्यूंबद्दल एक वाक्य होतं. लंडनच्या ‘सिटी’ भागाचे पोलीस वेगळे, त्यांना त्याचा फोटो हवा होता. महानगर पोलिसांच्या आयुक्तांनी दंगल होईल म्हणून उजाडायच्या आत ते पुसायला लावलं. त्या वाक्याचं नेमकं स्पेलिंग काय होतं यावर आजही वाद आहे. दोन हद्दी, दोन अधिकारी आणि एक ओला फडका.

---

न्यायवैद्यक_लातूर

डीएनएचं. ज्या शालीवरून ‘कोस्मिन्स्की सापडला’ म्हणतात, ती २००७मध्ये लिलावात घेतलेली आहे आणि दावा २०१४चा. ती एडोजची होती हीच गोष्ट सिद्ध नाही. तिच्या अंगावरच्या कपड्यांची आणि वस्तूंची बारीक यादी पोलिसांनी केली होती, त्यात अशी शाल नाही. शिवाय शंभरावर वर्षं ती कितीजणांनी हाताळली असेल. ताब्याची साखळी (वस्तू कधी कोणाच्या हाती होती याची अखंड नोंद) पहिल्याच कडीत तुटली की पुढच्या प्रयोगशाळेला अर्थ उरत नाही.

त्यावर तपासलं ते माइटोकॉन्ड्रियल डीएनए. ते आईकडून येतं आणि आईच्या बाजूच्या सगळ्या नातलगांत सारखंच असतं. त्याने माणूस वगळता येतो, एकटा ओळखता येत नाही. २०१४च्या दाव्यातला दुर्मीळ म्हणून सांगितलेला बदल ‘३१४.१सी’ असा होता. तो वाचायची चूक निघाली. खरा बदल ‘३१५.१सी’, जो युरोपीय वंशाच्या जवळजवळ सगळ्यांत असतो. एका आकड्याने ‘लाखांत एक’चं ‘कुणीही’ झालं.

झोडिअकमध्ये उलटी गंमत आहे. १९६८-६९मध्ये पाच खून, दोघं वाचले. खुनी स्वतः वृत्तपत्रांना पत्रं आणि सांकेतिक कोडी पाठवायचा. आर्थर ली अ‍ॅलन हा सर्वांत गाजलेला संशयित, १९९२मध्ये वारला. बोटांचे ठसे जुळले नाहीत, अक्षर जुळलं नाही, २००२मध्ये पत्राच्या तिकिटामागून मिळालेला अर्धवट डीएनएही जुळला नाही. पण तिकीट दुसऱ्याच कोणी चाटून लावलं असेल तर? म्हणून ‘जुळला नाही’ याचा अर्थसुद्धा नमुना कुठला यावर ठरतो. ३४० चिन्हांचं त्याचं कोडं डिसेंबर २०२०मध्ये सुटलं, आत नाव नाही.

मृत्यूची वेळ हा तिसरा सापळा. रिपरच्या बळींपैकी चॅपमनचं प्रेत सकाळी साडेसहाला पाहणारे डॉक्टर फिलिप्स म्हणाले, किमान दोन तास झालेत. साक्षीदार मात्र साडेपाचच्या आसपास तिला पाहिल्याचं, कुंपणापलीकडे आवाज ऐकल्याचं सांगतात. थंड सकाळ, उघडं पडलेलं शरीर, प्रचंड रक्तस्राव, म्हणजे शरीर लवकर गार पडणार. फिलिप्स यांनी स्वतःही ही सवलत ठेवली होती. आपल्याकडे मे महिन्यात याच्या उलट : बाहेर ४३ अंश असेल तर शरीर थंडच होत नाही, ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, कुजणं एका दिवसात दिसतं. शवविच्छेदनातली वेळ नेहमी ‘इतक्या ते इतक्या तासांच्या दरम्यान’ अशी वाचा. तिचा एकच आकडा करून कुणाची ‘मी तिथे नव्हतो’ ही बाजू मोडणारा लेख बाजूला ठेवा.

आणि एक सुटलेलं प्रकरण टिपणात जरूर घ्या. कॅलिफोर्नियाचा ‘गोल्डन स्टेट किलर’, १३ खून. दूरच्या नातलगांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनएवरून एप्रिल २०१८मध्ये जोसेफ डीअँजेलो सापडला. माजी पोलीस. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं चघळलेल्या नावांत तो नव्हता. हे जमलं कारण मूळ नमुने चाळीस वर्षं सीलबंद जपले होते.

---

सेलूचा_वाचक

फार उपकार झाले. स्टोनमॅनबद्दल कोणी बोललं नाही. आणि टिपणात संशयितांची नावं घेतली तर चालतील का?

---

गोदाकाठ

स्टोनमॅनवर कमी लिहिलं जातं, कारण हातात कमी आहे, आणि ते कमी का आहे हाच त्यातला मुद्दा. ऐंशीच्या दशकात मुंबईत सायन-किंग्ज सर्कल भागात आणि १९८९मध्ये कोलकात्यात फूटपाथवर एकट्या झोपलेल्यांची डोकी दगडाने ठेचली गेली. कोलकात्यात १३ बळी. कोणालाही शिक्षा नाही. खुनाचा तपास बहुतेक वेळा मेलेल्या माणसापासून सुरू होतो : तो कोण, शेवटी कोणाबरोबर होता, वैर कोणाशी. इथे बऱ्याच बळींची ओळखच पटली नाही, पहिला दोराच गायब. हत्यार म्हणजे रस्त्यावरचा दगड, त्यामुळे खरेदीचा माग नाही. दोन्ही शहरांतला माणूस एकच होता हे सिद्ध झालेलं नाही. टिपणात दोन स्वतंत्र प्रकरणं म्हणूनच मांडा.

---

परभणी_कोर्टरोड

नावांचं. रिपरच्या संशयितांची खुशाल घ्या. आपल्याकडच्या प्रकरणांत मात्र जपून. बदनामीचं कलम पूर्वी ४९९ होतं, आता न्याय संहितेत ३५६. मेलेल्या माणसाबद्दलचं विधानही त्यात बसू शकतं, घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने असेल तर. ‘आरोपी होते, अमक्या साली निर्दोष सुटले’ एवढं पूर्ण वाक्य लिहा, अर्धं नको. लैंगिक अत्याचाराचा बळी असेल तर नाव, गाव, शाळा काहीच ओळख येऊ देऊ नका, तो वेगळा गुन्हा आहे.

मानवतबद्दल बोलताना श्रोत्यांत त्या घरांतली माणसं बसलेली असू शकतात. सेलू-मानवत अंतर ते किती. निकालपत्रातले तपशील पडद्यावर दाखवू नका, तोंडी सांगा, आणि मुलींच्या जखमांचं वर्णन वगळलं तरी पुराव्याचा सगळा मुद्दा शाबूत राहतो.